तक्ता तोंडपाठ आहे, पण ‘बस’ वाचता येत नाही: साडेचार वर्षांच्या मुलीला खेळातून वाचायला कसं शिकवायचं

तुमचा प्रश्न मला असा समजला. मुलगी साडेचार वर्षांची, ज्युनिअर केजीत, शाळा इंग्रजी मीडियमची पण घरात सगळे मराठीच बोलतात, भिंतीवरचा तक्ता ती ‘अ अननसाचा’पासून ‘ज्ञ ज्ञानेश्वराचा’पर्यंत घडाघडा म्हणते आणि पाटीवर ‘बस’ लिहून दाखवलं की गप्प बसते. फ्लॅशकार्ड काढली की पळून जाते. आजी म्हणतात रोज बाराखडी घोकून घ्या, आणि तुम्हाला हवंय की हे खेळातून व्हावं, त्यासाठी एखादा किट किंवा ॲप घ्यावं का तेही विचारलंय.

मी बालवाडी आणि पहिलीच्या मुलांबरोबर बरीच वर्षं काम केलंय, हल्ली अंगणवाडीच्या ताईंची ट्रेनिंग घेते, त्यामुळे उत्तर लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

पहिलं म्हणजे मुलीत काहीही कमी नाही. तिला तक्ता येतो म्हणजे एक लांबलचक गाणं पाठ आहे, त्यात चित्रं बघून बोलायचं असतं, अक्षराकडे बघायची गरजच पडत नाही. एकदा गंमत म्हणून चित्र हाताने झाका आणि नुसतं ‘ऐ’ दाखवा, बहुतेक ती ऐरण म्हणणार नाही. आणि ऐरण म्हटली तरी बिचारीने ऐरण बघितलीये कुठे, तुम्ही तरी शेवटची कधी बघितली? शिवाय तक्त्याचा क्रम हा उच्चाराच्या जागेप्रमाणे लावलेला आहे, कंठातून येणारे, टाळूचे, मग दातांचे, ओठांचे, व्याकरणाच्या दृष्टीने तो फारच सुंदर आहे पण वाचायला शिकायला उपयोगाचा नाही. क ख ग घ ङ शिकून एकही धड शब्द होत नाही. मूल पंधरा दिवस अक्षरं गोळा करतं आणि त्यातून हाताला काही लागत नाही, मग ते कंटाळणारच.

माझं सगळं म्हणणं एवढंच आहे की थोडी अक्षरं घ्या, सोबत एक काना घ्या, आणि पहिल्याच आठवड्यात तिच्या हाताने त्यातून खरे शब्द बनू द्या. बाकी जे खाली लिहिलंय ते हे कसं करायचं याचे तपशील.

पण अक्षरांच्याही आधी कान. हे बहुतेक घरी सुटतंच. वाचायला येण्यासाठी मुलाला आधी हे कळावं लागतं की बोललेला शब्द तुकड्यांचा असतो आणि ते तुकडे वेगळे करता येतात, परत जोडता येतात. याला कागद-पेन्सिल काहीच लागत नाही, स्वयंपाक करता करता होतं. तुम्ही रोबोट व्हायचं आणि तुटक बोलायचं, ‘ना... क ला हात लाव’, ‘मा... न हलव’, ‘का... न पकड’. तिने जोडून ओळखायचं. दोन दिवसांत ती स्वतः रोबोट होऊन तुम्हाला ऑर्डर सोडायला लागेल, आणि तोच खरा टप्पा आहे कारण शब्द तोडणं हे जोडण्यापेक्षा अवघड असतं. दुसरा खेळ पिशवीचा. कापडी पिशवीत घरातल्या वस्तू टाका, कात्री, कांदा, काडेपेटी (रिकामी), आणि मधेच एक बटाटा. ‘का’ने सुरू न होणारा चोर कोण? इथे मुद्दाम ‘का’ म्हणतेय, ‘क’ नाही, कारण मराठी मुलाच्या कानाला ‘का’ हा एक तुकडा म्हणून सहज ऐकू येतो, त्यातला क वेगळा काढणं पुढचं काम आहे. की का कू तिन्हीत काहीतरी सारखं आहे हे तिचं तिला मात्रा हाताळताना कळतं.

च, ज, झ च्या वस्तू मात्र सुरुवातीला पिशवीत टाकू नका. चाक आणि चहा यातला च आपण वेगळा बोलतो, अक्षर एकच. मोठ्यांच्या लक्षातही येत नाही पण कान तयार झालेलं मूल बरोबर पकडतं आणि म्हणतं हे सारखं नाहीये. ते बरोबरच असतं, त्याला चूक म्हणू नका.

टाळ्या वाजवून शब्द तोडायचा खेळ पण छान, ब-टा-टा तीन टाळ्या. फक्त एक लक्षात ठेवा, आपण ‘कमळ’ बोलताना क-मळ असे दोनच ठोके बोलतो आणि लिहिताना अक्षरं तीन. मूल दोन टाळ्या वाजवेल तर ते बरोबर ऐकतंय. अक्षरं मोजायची असतील तेव्हा टाळी नको, पुढे अक्षरपट्ट्या आल्या की त्या बोटाने मोजू दे. हे दोन वेगळे खेळ आहेत, ते एकत्र केले की मुलं गोंधळतात आणि मग आपण त्यांनाच ओरडतो.

आता अक्षरं. जुन्या शाळेत ग म भ न पासून सुरू करायचे, त्यामागे लिहायला सारखी वळणं असलेली अक्षरं एकत्र हा विचार होता. लिहायला ते ठीक, पण वाचायला सारखी दिसणारी अक्षरं एकत्र आली की म आणि भ मध्ये घोळ, घ आणि ध मध्ये घोळ, प-ष, ब-व, थ-य सगळीकडे घोळ. म्हणून मी उलट करते. दिसायला एकमेकांपासून लांब असलेली आणि एकत्र आली की घरातले शब्द देणारी पाच अक्षरं घेते: क, म, न, ब, ळ. आणि सोबत पहिल्या दिवसापासून काना. एवढ्यात बघा काय काय होतं, काका, मामा, बाबा, नाना, नाक, कान, मान, काम, मका, बाळ, माळ, काळा, नळ, कमळ, बाक, कमान. पाच अक्षरांत अर्धं खानदान आलं! ळ एवढ्या लवकर का असं ताया नेहमी विचारतात, कारण तक्त्यात तो शेवटाकडे असतो. पण बाळ, काळा, माळ, खेळ, फळा हे मुलांचे रोजचे शब्द आहेत, ळ शेवटाकडे ठेवायचं काहीच कारण नाही.

दुसरा गट त, स, प, र आणि दीर्घ वेलांटी ी. मग साप, ताप, पान, रस, बस (आली एकदाची), रबर, तारा, मासा, सात, तीन, मी, ती, माती, काकी, मामी, परी. दीर्घ वेलांटी आधी घ्यायचं कारण साधं आहे, ती अक्षरानंतर येते आणि अक्षरानंतरच बोलली जाते. ऱ्हस्व वेलांटी लिहिताना आधी येते आणि बोलताना नंतर, ‘कि’ मध्ये डोळ्याला आधी वेलांटी दिसते आणि तोंडातून आधी क् येतो, या उलट्या कारभारात मुलं बरेच दिवस अडकतात. शिवाय मराठीत शब्दाच्या शेवटी आला की इकार-उकार दीर्घच लिहितात, काही मोजके शब्द सोडले तर, म्हणजे पोळी, भाजी, पाटी, आजी सगळं दीर्घवर निभावतं. सुटे स्वर, अ आ इ ई वगैरे, मुख्यतः शब्दाच्या सुरुवातीला लागतात, त्यांची पूर्ण रांग लावायची घाई नाही, फक्त ‘आई’ आणि तिचं स्वतःचं नाव हे दोन शब्द पहिल्या दिवसापासून चित्रासारखे ओळखू द्या. नावात जोडाक्षर असलं तरी चालतं. तिच्या डब्यावर, चपलेच्या खणावर, टूथब्रशच्या कपावर नाव चिकटवा, आणि शेजारी दादाचं किंवा बाबांचं नाव, म्हणजे दोनातून आपलं कुठलं ते शोधावं लागेल.

साहित्य घरीच करा. जुन्या लग्नपत्रिका जपून ठेवा, त्यांचा कागद जाड असतो, त्याचे तळहाताएवढे तुकडे कापा. त्यावर फेविकॉलने मोठ्ठं अक्षर काढा आणि वरून रवा भुरभुरा, रात्रभर वाळू द्या. झालं खरखरीत अक्षर. हार्डवेअरच्या दुकानातला पॉलिश पेपर कापून चिकटवला तर जास्त टिकतं पण कात्रीची धार जाते. ही युक्ती मूळ इटलीच्या शिक्षणतज्ज्ञ माँटेसरीबाईंची, १९०७ मध्ये रोमच्या गरीब वस्तीत त्यांनी पहिलं बालघर काढलं तेव्हापासूनची, आणि आपल्याकडे भावनगरला गिजुभाई बधेकांनी १९२० मध्ये बालमंदिर सुरू केलं, त्यांच्याबरोबर काम करून ताराबाई मोडक पुढे १९४५ मध्ये बोर्डीला गेल्या आणि तिथून कोसबाडला. ताराबाई आणि अनुताई वाघांनी आदिवासी पाड्यांवर मुलांच्या अंगणात जाऊन बालवाडी भरवली, आणि महागडी लाकडी साधनं आणणार कुठून म्हणून बिया, शिंपले, खडे, काड्या, पानं असं सगळं आजूबाजूचं वापरलं. म्हणून कोणी तुम्हाला दहा हजारांचा माँटेसरी सेट विकायला आला तर कोसबाड आठवा.

अक्षरपट्टी करताना दोन बारीक गोष्टी. शिरोरेषा प्रत्येक पट्टीवर एकाच उंचीवर काढा आणि अगदी कडेपर्यंत न्या, म्हणजे दोन पट्ट्या शेजारी ठेवल्या की वरची रेघ जुळते आणि शब्द झाला हे डोळ्याला कळतं. आणि काना वेगळ्या अरुंद पट्टीवर, वेगळ्या रंगात, त्यालाही वर रेघ. अक्षरं काळी, मात्रा लाल असं काहीतरी ठरवा आणि तेच कायम ठेवा. वेलांटी, मात्रा, उकार हे अक्षराच्या वर खाली जातात, ते पट्टीवर नीट बसत नाहीत, त्यासाठी फाईलचा पारदर्शक फोल्डर कापा आणि सीडी मार्करने त्यावर फक्त मात्रा काढा. तो तुकडा क वर ठेवला की ‘की’, उचलून म वर ठेवला की ‘मी’. हे एक साधन मला सगळ्यात जास्त आवडतं, कारण बाराखडीत जी गोष्ट पाठ करायला लावतात ती इथे मूल हाताने घडवतं.

खरखरीत अक्षर कसं द्यायचं, तर एका वेळी दोनच, म आणि क. पहिली दोन बोटं, तर्जनी आणि मधलं, तुम्ही आधी वळणाप्रमाणे सावकाश फिरवा आणि बोला ‘म’. नुसतं ‘म’, ‘म मगरीचा’ नाही. मग तिची बोटं. याचे तीन टप्पे असतात, फ्रान्समधले सेगँ नावाचे डॉक्टर होते त्यांच्याकडून माँटेसरीबाईंनी घेतले. आधी आपण सांगायचं, हा म, हा क. मग विचारायचं, म कुठाय, म उशीखाली लपव, क डोक्यावर ठेव, क बाबांना देऊन ये. आणि फार नंतर, कधी कधी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, बोट ठेवून विचारायचं, हे काय? आपण आईबाबा लोक काय करतो, पहिला टप्पा एकदा आणि लगेच तिसरा, हे काय सांग, सांग ना, काल सांगितलं होतं. म्हणजे फ्लॅशकार्ड. ती परीक्षा असते, म्हणून पोरगी पळते. मधला टप्पा सगळ्यात लांब ठेवा, खेळ सगळा तिथेच आहे, धावणं लपवणं फेकणं आणणं. चुकली तर नाही नाही करू नका, फक्त परत पहिल्या टप्प्यावर या, हा म, हा क.

रोज किती वेळ? दहा मिनिटं, फार तर पंधरा, आणि तिला अजून हवं असतानाच आवरायचं. हे सांगितलेलं कोणी ऐकत नाही, मूल रंगलंय म्हटल्यावर आपल्याला वाटतं अजून दोन अक्षरं उरकून घेऊ, आणि दुसऱ्या दिवशी मूल येत नाही.

बाकी हातांचे खेळ तुम्हाला सुचतीलच. ताटात रवा किंवा रांगोळी पसरून बोटाने अक्षर काढणं, पोळ्या करताना कणकेच्या वळ्या करून क वळणं, गच्चीत किंवा अंगणात पाण्यात बुडवलेल्या ब्रशने मोठ्ठं अक्षर काढणं आणि ते उन्हात वाळून गायब व्हायच्या आत परत काढणं (हा उन्हाळ्यात भन्नाट चालतो), खडूने फरशीवर अक्षराचे चौकोन आखून लंगडी घालत ‘मा-का-बा’ असं उड्या मारणं, खडूच्या रेघेवर चिंचोके मांडणं. घरात तिच्यापेक्षा लहान भावंड असेल तर चिंचोके मणी बिया नकोत, नाकात घालतात. आणि या सगळ्यात पेन्सिल कुठेच नाहीये ते बघा. बोटांची ताकद यायला वेळ लागतो, वाचन त्यासाठी थांबवायचं नाही, लिहिणं आणि वाचणं एकाच दावणीला बांधू नका. पट्ट्या मांडून शब्द करता येतो तेव्हा पेन्सिल नीट धरता येत नसली तरी ती लिहितेच आहे.

आता शब्दांचा खेळ, आणि इथे मी सगळ्यात जास्त वेळ घालवा म्हणेन. पाच अक्षरं ओळखायला लागली, अगदी तीन-चार आली तरी सुरू करा. पट्ट्या मांडा: म, न. वाचा, मन. आता मधे काना सरकवा. मान! मळ मध्ये काना घाला, माळ. बळचं बाळ. कळचं काळ. काना तिच्या हातात द्या आणि म्हणा तू जादू कर, मी वाचते. आधी तुम्ही वाचायचं, ती सरकवणार. ती कुठेही घालेल, ‘नळा’ करेल, ‘काबाम’ करेल, तेही गंभीरपणे वाचा, ‘काबाम’ ऐकून पोरं लोळतात हसून, आणि त्याच हसण्यात त्यांना समजतं की पट्टी हलली की आवाज हलतो. हे समजलं की वाचनाचं कुलूप उघडलं. नंतर हळूच बाजू बदला, तुम्ही सरकवा, ती वाचेल. अडली तर रोबोट आठवून द्या, मा... ळ. म्हणूनच तो खेळ आधी खेळायचा असतो.

वस्तूंना शब्द जोडा. खऱ्या नळाला ‘नळ’ची चिठ्ठी, मक्याच्या कणसाला ‘मका’, बाबांच्या पाठीला ‘बाबा’. चिठ्ठ्या डब्यात ठेवा, तिने एक काढायची, वाचायची आणि पळत जाऊन चिकटवायची. ‘कान’ आली तर आजीच्या कानाला. घरभर चिठ्ठ्या होतात, पाहुण्यांना वाटतं घर विकायला काढलंय, चालू द्या. थोडी पुढे गेली की हुकूम, ‘बाक सार’, ‘पान काप’, ‘माती आण’ (ण आला की). चिठ्ठी वाचून तसं करायचं, म्हणजे वाचलेल्याचा अर्थ लागला का हे तुम्हाला न विचारता कळतं.

आणि दुसऱ्या गटाची अक्षरं आली की लगेच पुस्तक. विकतचं नाही, तुमचं. कागद दुमडून मधे स्टेपल करा, एका पानावर एकच ओळ, चित्र तिने काढायचं. या नऊ अक्षरांत आणि दोन मात्रांत मी बसवलेलं एक देते, हवं तर वापरा:

काळा साप.
काका, साप!
मामा, साप!
बाबा, साप!
साप?
ती माळ!

वेदांतवाल्यांची दोरी आणि सापाची गोष्ट (अंधारात दोरीच साप वाटते ती) नऊ अक्षरांत बसते हे मला स्वतःलाच फार आवडलंय. पण खरी मजा ही की मूल हे पुस्तक आख्खं स्वतः वाचतं, कोणाची मदत न घेता, आणि मग शेजारी, दूधवाला, लिफ्टमधल्या काकू सगळ्यांना वाचून दाखवतं. चवथ्यांदा ते पाठ झालेलं असतं, पाठ म्हणतंय म्हणून टोकू नका, फक्त बोट शब्दाखाली फिरू दे.

तिने स्वतः पट्ट्या लावून शब्द केला आणि तो ‘चुकला’, तर काय? समजा तिने ‘पानी’ लावलं. बघा तिने काय केलंय, ऐकलेला शब्द तोडला, अक्षरं शोधली, वेलांटी घातली. आपल्याकडे विदर्भात, खानदेशात, कोकणातल्या कितीतरी घरात पानी म्हणतातच, मूल जसं बोलतं तसंच लिहिणार. त्या दिवशी वाचा ‘पानी’ आणि खूश व्हा. ण पुढच्या गटात आला की तुम्ही स्वतः लावून दाखवा, पुस्तकात असं लिहितात बघ. घरची बोली चूक आणि पुस्तकाची बरोबर असं कधीही म्हणू नका. अक्षरं उलटी, आरशातल्यासारखी काढणं हेही या वयात सर्रास होतं, त्याने घाबरायचं नाही.

एक वेगळाच गोंधळ हल्ली दिसतो तो म्हणजे ल आणि श. मराठी पाठ्यपुस्तकात ल आणि श एका वळणाचे असतात, आणि बऱ्याच मोबाईलच्या फॉन्टमध्ये हिंदी वळणाचे. मूल पुस्तकात एक बघतं, फोनवर दुसरं. घरच्या पट्ट्यांवर पुस्तकातलं वळण ठेवा आणि दुसरं दिसेल तेव्हा सांगून टाका, हा पण ल च आहे, फक्त वेगळे कपडे घातलेत. मुलांना हे लगेच पटतं.

जोडाक्षरांची आत्ता अजिबात घाई नाही, पण पुढे लागेल म्हणून सांगून ठेवते. म, न, स, त, प, ब यांना उजवीकडे उभी रेघ असते. त्या पट्टीचा रेघेचा भाग मागे दुमडला की अर्धं अक्षर तयार, आणि ते पुढच्या पट्टीला चिकटवलं की जोडाक्षर. स दुमडून त ला लावला की पुस्तकातला ‘स्त’. ट, ड, द, ह ला उभी रेघ नाही, म्हणून ते वेगळे वागतात. आणि र तर कधी डोक्यावर जाऊन बसतो कधी पायाशी, त्याला सगळ्यात शेवटी घ्या.

या सगळ्याच्या जोडीला, किंवा खरं तर या सगळ्याच्या आधी, रोज गोष्ट वाचून दाखवणं. सांगणं वेगळं आणि पुस्तकातून वाचणं वेगळं, दोन्ही हवं. मांडीवर घेऊन, बोट ओळीखालून फिरवत. एकच पुस्तक रोज मागते? वाचा, दोनशे वेळा वाचा. पान उलटायच्या आधी पुढे काय होईल विचारा, पण प्रत्येक पानावर ‘हे अक्षर कुठलं’ विचारून गोष्टीचा चुथडा करू नका. पुस्तकांसाठी खर्च नको असेल तर प्रथम बुक्सच्या स्टोरीवीवर या वेबसाइटवर मराठी गोष्टी फुकट आहेत आणि लेव्हलप्रमाणे लावलेल्या आहेत, पहिल्या लेव्हलला पानावर थोडेच शब्द असतात. रस्त्यावरच्या पाट्या, एसटीचे बोर्ड, दुकानांची नावं, पुड्यांवरची मराठी अक्षरं, हेही सगळं वाचनच. रविवारी पेपरमधून तिच्या ओळखीचा ‘म’ शोधून लाल पेनने गोल करायला द्या, अर्धा तास तुम्हाला शांतता मिळेल.

उशीर झालाय का, असं तुम्ही शेवटी हळूच विचारलंय. नाही. २०२१ साली केंद्राने मुलांच्या पायाभूत वाचन-गणितासाठी निपुण भारत अभियान आणलं, त्यात बालवाटिकेच्या म्हणजे पाच ते सहा वर्षांच्या मुलाकडून अपेक्षा आहे ती अक्षर-आवाज ओळखणं आणि दोन-तीन अक्षरी सोपे शब्द वाचणं, आणि पहिलीच्या शेवटी चार-पाच सोप्या शब्दांची छोटी वाक्यं. तुमची लेक साडेचारची आहे. ज्या वयात आपण ‘अजून वाचत नाही’ म्हणून काळजी करतोय ते वय मुळात गोष्टी ऐकायचं आणि माती कालवायचं आहे. सर्दीने कान सतत भरत असतील, हाका मारल्यावर लक्ष देत नसेल, पुस्तक फार जवळ धरत असेल तर कान आणि डोळे तेवढे एकदा तपासून घ्या. बाकी अडचण, डिस्लेक्सिया वगैरे शब्द, या वयात चिकटवू नका, पहिली-दुसरीत नीट शिकवूनही अक्षर-आवाज जुळतच नसेल तेव्हा तज्ज्ञांकडे जायचं.

इंग्रजी मीडियमचं टेन्शनही घेऊ नका. मराठी तिची बोलायची भाषा आहे, शब्द ओळखीचे आहेत, आणि आपल्याकडे म चा आवाज म च, नाव आणि आवाज वेगळे नाहीत, इंग्रजीत ‘एम’ म्हणायचं आणि वाचायचं म्. म्हणून अक्षरं जोडली की शब्द होतो ही गोष्ट मराठीत लवकर हाताला लागते, आणि एकदा ती लागली की इंग्रजीतही कामाला येते. फक्त एकाच बैठकीत दोन्ही लिप्या काढू नका.

किट घ्यायचाच असेल तर विकत घेण्यापूर्वी एवढंच बघा की काना, वेलांटी, मात्रा सुट्या आहेत का आणि एकेक अक्षर दोन-तीनदा आहे का. बाजारातल्या बऱ्याच लाकडी आणि चुंबकाच्या सेटमध्ये वर्णमाला एकदाच असते आणि मात्रा नसतातच, त्यात ‘बाबा’ सुद्धा लिहिता येत नाही, मग उपयोग काय. ॲपबद्दल माझं मत कडक आहे, या वयात स्क्रीनवर अक्षर गिरवलं की बोटाला सगळी अक्षरं सारखीच गुळगुळीत लागतात आणि बरोबर आलं की फुगे फुटतात, मूल फुग्यांसाठी खेळतं. प्रवासात पाच मिनिटं ठीक.

राहिल्या आजी. त्यांना नाही म्हणू नका, त्यांच्याकडे काम द्या, आणि ते काम फार महत्त्वाचं आहे. भेंड्या, उखाणे, कोडी, बडबडगीतं, रात्रीची गोष्ट हे सगळं त्यांच्याकडे. भेंड्यांमध्ये शेवटचं अक्षर पकडणं हा कानाचा व्यायाम आहे, कुठल्याही महागड्या किटमध्ये मिळणार नाही असा. आणि बाराखडीही आजींकडेच ठेवा, फक्त आत्ता नाही, चार-पाच मात्रा तिने हाताने सगळ्या अक्षरांवर फिरवून झाल्या की मग. तेव्हा तिला क का कि की म्हणताना माहीत असेल की काय बदलतंय, मग दोघी मिळून हव्या तेवढ्या मोठ्याने म्हणू देत.